आईची टेकडी, मुलाची टेकडी
बोदलकशाहून रामटेक, नगरधन आणि मनसर : एका दिवसाच्या वाटेवरचे पाचवे शतक

बोदलकसा हा गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातला तलाव. भोवती टेकड्या, साग-बांबूचे जंगल, जवळच नागझिरा अभयारण्य आणि काठावर पर्यटकांसाठी निवास. हिवाळ्यात पक्षी पाहायला माणसे येतात, एक सकाळ तलावाला देतात, एक नागझिऱ्याला. मुक्काम तिसऱ्या दिवसावर गेला की विचारणा सुरू होते : "इथून जवळ पाहण्यासारखे ऐतिहासिक काय?" ठरलेले उत्तर असते रामटेक. अंतर शंभरेक किलोमीटर. तिरोडा ओलांडायचे, वैनगंगेचा पूल, मग तुमसर, तिथून पश्चिमेला रामटेक. गाडीवाल्यांचा कार्यक्रमही ठरलेला : राममंदिर, कालिदास स्मारक, खिंडसी तलावात नौका, वाटेत कपुरी पानाचा विडा आणि परत. मनसर "वेळ उरला तर". नगरधन बहुधा यादीतच नसते.

गेली काही वर्षे ओळखीपाळखीतून आलेल्या लहान गटांबरोबर मी या वाटेवर वाटाड्या म्हणून जातो. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. मिराशींची पुस्तके, जुनी गॅझेटिअरे, उत्खननांवर झालेले लेखन आणि भरपूर पायपीट एवढेच भांडवल. त्यावर विसंबून मी हा ठरलेला कार्यक्रम उलटा करतो : आधी नगरधन, मग रामटेक, शेवटी मनसर. या तीन ठिकाणी मिळून एका घराण्याच्या दोन पिढ्यांची कथा आहे आणि ती त्याच क्रमाने घडली. उलट क्रमाने गेलात तर देवळे दिसतात, मूर्ती दिसतात. त्या कोणाच्या आणि कशासाठी, हे दिसत नाही. मुख्य म्हणजे एक बाई दिसत नाही.

ती बाई म्हणजे प्रभावतीगुप्ता.

वाकाटक म्हटले की मराठी वाचकाला अजिंठा आठवतो. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांशी ज्याचे नाव जोडले जाते तो हरिषेण हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आजच्या वाशिमचा. दुसरी शाखा नंदिवर्धनची. तिचा मुलूख आपल्या पायाखालचा : नागपूर, भंडारा, गोंदिया आणि सातपुड्यापलीकडचा बालाघाट-शिवनीचा पट्टा. या वाटेवर तुमसर रोड हे जंक्शन लागते. तिथून निघणारा रेल्वेचा फाटा तिरोडीला जातो, मॅंगनीजच्या खाणींसाठी टाकलेला. त्या तिरोडीलाही वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट मिळाला आहे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीलाही त्याचा एक मिळाला. झाडीपट्टीचा इतिहास गोंड राजांपासून सुरू होतो असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. तो त्याहून हजारेक वर्षे मागे नेता येतो, तोही लेखी पुराव्याने.

या शाखेतल्या दुसऱ्या रुद्रसेनाला मगधाचा सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने आपली मुलगी दिली. उत्तरेतली सर्वात मोठी सत्ता आणि दख्खनच्या तोंडाशी असलेले हे घराणे यांच्यातली ती सोयरीक होती. राजकारणाची म्हणा, घरोब्याची म्हणा. रुद्रसेन लवकर वारला. मुले लहान होती. पाचव्या शतकाच्या आरंभी या प्रदेशाचा कारभार प्रभावतीगुप्तेच्या हाती आला आणि तिने तो निदान तेरा वर्षे चालवला. हा आकडा तिच्याच ताम्रपटातला आहे. पुण्यात मिळाला म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. तो काढला मात्र नंदिवर्धनहून, तेराव्या वर्षी. त्याच्या मुद्रेवर तिने स्वतःला युवराजाची आई म्हटले आहे आणि हे आपले शासन आहे असे बजावले आहे.

नंदिवर्धन म्हणजे नगरधन. रामटेकच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवरचे गाव. सकाळी सहाला बोदलकसा सोडले तर नऊच्या आत तिथे पोचता येते. दिसतो तो चौकोनी किल्ला. बुरूज, दरवाजा, आत पायऱ्यांनी खाली उतरत जाणारी विहीर आणि तिच्या पोटातले देवीचे ठाणे. हे सगळे गोंड-भोसले काळातले. पाहुणे किल्ल्याचे फोटो काढतात आणि विचारतात, "वाकाटक कुठे आहेत?" वाकाटक किल्ल्याच्या बाहेर, शेतात आणि गावाच्या घरांखाली आहेत. २०१५ ते २०१८ या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि महाराष्ट्राचा पुरातत्त्व विभाग यांनी इथे उत्खनन केले. मडकी, काचेच्या बांगड्या, कानातली भूषणे, जनावरांची हाडे, लहान मूर्ती असा रोजच्या जगण्याचा ऐवज निघाला. त्यातच मातीचा एक लंबगोल ठसा मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीत प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाचे चिन्ह.

तो ठसा इथे पाहायला मिळत नाही, पण त्याचा अर्थ इथेच उभे राहून समजतो. पत्र किंवा मालाचे गाठोडे दोरीने बांधायचे, गाठीवर ओली माती थापायची आणि तिच्यावर मुद्रा दाबायची. माती वाळली की ठसा न मोडता गाठ सोडता येत नाही. म्हणजे असा ठसा ही रोजच्या कारभाराची खूण. ताम्रपट हा समारंभाचा कागद असतो, त्यात राजघराणी आपल्याला हवी तशी दिसतात. मातीचा ठसा समारंभाचा नसतो. राणीच्या नावाने वस्तू किंवा हुकूम बांधले जात होते आणि ते उघडले जात होते, एवढे तो निर्विवाद सांगतो. शंख हे विष्णूचे चिन्ह. ती विष्णुभक्त होती हे तिच्या ताम्रपटांवरूनही कळते.

त्या ताम्रपटांतली आणखी एक गोष्ट मी गटाला नगरधनलाच सांगतो. दानपत्राच्या सुरुवातीला वंशावळ द्यायची रीत असते. पुणे ताम्रपटात प्रभावती सासरची वंशावळ देत नाही, माहेरची देते : घटोत्कच, चंद्रगुप्त, समुद्रगुप्त आणि वडील दुसरा चंद्रगुप्त. गोत्रही आपले धारण असे सांगते. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध होते. लग्नानंतर बाईचे गोत्र बदलते असे मानणाऱ्या आपल्या समाजात ही ओळ वाचली की माणसे थबकतात. एकदा गटातल्या एका तरुण मुलीने विचारले, "काकाजी, म्हणजे तिने नाव बदललं नव्हतं?" नाव तर नव्हतेच बदलले. गुप्ता हा शब्द तिने अखेरपर्यंत सोडला नाही.

यावरून काही अभ्यासक असा निष्कर्ष काढतात की त्या काळी वाकाटकांचे राज्य म्हणजे गुप्तांचे मांडलिकच होते, राणी ही नावाला. मला हे फार एकेरी वाटते. माहेरचा आधार होता, तो तिने मिरवलाही. पण तेरा वर्षे एखादा मुलूख चालवायला नुसता वडिलांचा वंशवृक्ष पुरत नाही.

नगरधनहून रामटेकची टेकडी समोर दिसत राहते. या टेकडीला सिंदूरगिरी असेही नाव आहे. नरसिंहाने हिरण्यकशिपूला फाडले तेव्हा उडालेल्या रक्ताने दगड लाल झाला, असे स्थलपुराण सांगते. नरसिंह, वराह, त्रिविक्रम, राम अशी विष्णूची रूपे इथे एकाच टेकडीवर आहेत. सामान्य यात्रेकरू पायथ्याच्या अंबाळा तलावाकडून किंवा गाडीरस्त्याने वर येतो, भोसल्यांच्या काळातले दरवाजे ओलांडत थेट राममंदिरात जातो. ते मंदिर आणि भोवतीचा कोट ज्या रूपात आज दिसतो, त्यात नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाटा आहे. माझे गट मात्र आधी थोडे बाजूला वळतात, नरसिंहाच्या दोन देवळांकडे.

रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह ही ती दोन देवळे. शिखर नाही, सपाट छपराचे, जाड भिंतींचे, बसके बांधकाम. पुढे छोटा मंडप, आत चौरस गाभारा आणि गाभाऱ्यात जवळजवळ जागा व्यापून बसलेला लाल दगडाचा नरसिंह. एक गुडघा वर, हातात चक्र. तो कोणाला फाडत नाही, मांडीवर हिरण्यकशिपू नाही. स्वस्थ बसलेला आहे, काम संपवून बसावा तसा. महाराष्ट्रातल्या सर्वात जुन्या उभ्या दगडी देवळांत यांची गणना होते. तरी पाहुण्यांची पहिली प्रतिक्रिया "एवढेसेच?" अशी असते. हेमाडपंती देवळांवर वाढलेल्या डोळ्याला ती साधी वाटणारच. ज्या काळात देवळे बहुतेक विटा-लाकडाची होत होती, त्या काळात दगडाचे देऊळ कसे उभारावे हे अजून शिकणे चालले होते. त्या शिक्षणाचे हे पहिले धडे आहेत, हे लक्षात ठेवून पाहिले की खांबावरची एकेक कोरीव पट्टी मोलाची वाटू लागते.

केवल नरसिंहाच्या मंडपातल्या भिंतीत एक शिलालेख आहे. शतकानुशतके तो चुन्याच्या लेपाखाली होता. १९८०च्या दशकात लेप काढताना अक्षरे दिसली. अ. प्र. जामखेडकरांनी तो प्रथम प्रकाशात आणला आणि पुढे हान्स बाकर व हारुनागा आयझॅकसन या दोघांनी १९९३ साली त्याचे तपशीलवार वाचन प्रसिद्ध केले. लेख संस्कृत पद्यात आहे. त्याचा बराच भाग झिजून, फुटून गेला आहे. उरलेल्या अक्षरांतून बाकर आणि आयझॅकसन यांनी जी कथा लावली ती अशी : यात प्रभावतीच्या मुलीची हकिकत आहे. तिचे लग्न घटोत्कच नावाच्या राजपुरुषाशी झाले होते. तो गुप्त घराण्यातला असावा. तो गेल्यावर तिच्या भावाने तिला बळाने माहेरी परत आणले. पुढे आई वारल्यावर तिच्या स्मरणार्थ, तिच्या पुण्यासाठी, देवालय उभारले गेले. देवाचे नाव प्रभावतीस्वामी. लेखात सुदर्शन नावाच्या जलाशयाचाही उल्लेख आहे.

प्रभावतीस्वामी. पुरुष राजाने शिवालय बांधले की देवाला त्याचे नाव जोडून "ईश्वर" म्हणायचे, ही चाल सर्वत्र दिसते. इथे विष्णूला एका बाईचे नाव जोडलेले आहे. टेकडीवर रोज शेकडो माणसे येतात. सहलीच्या निवेदनात रामाचे वनवासातले थांबणे येते, सीतेचे स्वयंपाकघर येते, कालिदास येतो, रघूजी भोसले येतात. जिच्या नावाचा देव इथे बसवला होता ती येत नाही. माझा या ठरीव सहलीवरचा राग एवढाच आहे.

सुदर्शन या नावावर थोडे थांबतो, कारण आपण तलावाच्या मुलुखातून आलो आहोत. गुजरातेत गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन नावाचा प्रसिद्ध तलाव होता. चंद्रगुप्त मौर्याच्या काळात बांधलेला, इ. स. १५०च्या सुमारास रुद्रदामनाने दुरुस्त केलेला आणि पाचव्या शतकाच्या मध्यात स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्याने पुन्हा बांधलेला. हे सारे तिथल्या एकाच खडकावर कोरलेले आहे. स्कंदगुप्त हा प्रभावतीच्या भावाचा मुलगा. म्हणजे तलाव बांधणे, फुटला की सांधणे आणि त्याला तेच मंगल नाव देणे ही राजांची परंपरा दोन्हीकडे एकाच वेळी चालू होती. आपल्या भंडारा-गोंदियातल्या तलावांची परंपरा कोहळ्यांची. नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. बोदलकसा तर विसाव्या शतकातला, इंग्रजी अमलातला. या सगळ्यांना वाकाटकांशी नेऊन जोडण्याचा मोह मला होतो आणि मी तो आवरतो, कारण मधल्या हजार वर्षांची साखळी दाखवता येत नाही. एवढे मात्र खरे की दोन टेकड्यांमधल्या खिंडीला पाळ घालून पावसाळा अडवायचा हा विचार या भूगोलात कोणालाही सुचावा असाच आहे.

आता प्रभावतीचा दुसरा ताम्रपट. तो महानुभावांच्या रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात मिळाला. मुलगा दुसरा प्रवरसेन गादीवर येऊन एकोणीस वर्षे झाली होती, तरी आई स्वतःच्या अधिकाराने दान देते आहे आणि दान दिले कुठून, तर रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी. रामगिरी म्हणजे ही टेकडी. मिराशींना वाटले की हे पाय म्हणजे रामाच्या पादुका. बाकर यांच्या मते हा स्वामी विष्णू. वाद विद्वानांचा आहे. मला त्या ताम्रपटात अधिक खटकते ते दानाचे स्वरूप. ब्राह्मणांना एक शेत दिले, त्यासोबत एक घर आणि शेत कसणाऱ्यांची चार घरे. शेताबरोबर कसणारेही गेले. प्रभावतीबद्दल बोलताना तिला आजची स्त्रीवादी राणी करून टाकण्याची घाई काहींना होते. त्यांनी ही चार घरे विसरू नयेत. ती कर्तबगार होती आणि ती आपल्या काळाची राज्यकर्ती होती, दोन्ही एकाच वेळी.

या टेकडीवर आणखी एक जागा आहे, तीही निवेदनात क्वचितच येते : धूम्रेश्वर. उत्तरकांडातल्या ज्या शूद्र तपस्व्याचा, शंबूकाचा, रामाने वध केला ती जागा हीच, अशी इथली जुनी परंपरा आणि धूम्रेश्वराचे ठाणे त्याचेच. लक्ष्मण मंदिरात यादव रामचंद्राच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला शिलालेख आहे, त्यातही धूम्राक्षाचा उल्लेख येतो. म्हणजे ही आठवण निदान सातशे वर्षे लेखी स्वरूपात या टेकडीवर आहे. विदर्भात शंबूक या नावाला काय वजन आहे ते मी सांगायला नको. जिथे राम पुजला जातो तिथेच रामाने मारलेल्याचेही ठाणे राखून ठेवायचे, हा जुन्या रामटेकचा मोठेपणा होता. आजच्या वाटाड्यांनी तो कमी का करावा?

वराहाकडे मात्र सर्वांना न्यावेच लागते, मुले ऐकत नाहीत. चार पायांवर उभा असा अखंड दगडाचा डुक्कर. त्याच्या पोटाखालून जो सुखरूप निघतो तो निष्पाप, जो अडकतो तो पापी. गटातल्या जाड माणसांची इथे चेष्टा होते. जवळच भोगरामाचे स्थान आहे. चक्रधरस्वामींच्या वास्तव्यामुळे महानुभाव ते पवित्र मानतात. त्रिविक्रमाची मूर्ती भग्न आहे आणि तिच्या देवळाचा थोडाच भाग उभा आहे.

कालिदासाबद्दल थोडक्यात. यक्ष ज्या रामगिरीवर शाप भोगत होता तो रामटेक, हे मत वा. वि. मिराशींनी ठामपणे मांडले आणि आपल्याकडे रुजवले. मल्लिनाथाने आपल्या टीकेत रामगिरी म्हणजे चित्रकूट म्हटले होते; छत्तीसगडातल्या सरगुज्याचे रामगढही दावेदार आहे. मी मिराशींच्या बाजूचा आहे, कारण रामगिरी हे नाव या टेकडीला पाचव्या शतकात होते हे रिद्धपूरच्या ताम्रपटाने सिद्धच होते. इथे कालिदासाचे स्मारक झाले, १९९७ साली त्याच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ झाले, हे चांगलेच झाले. पण कालिदास इथे आला होता याचा एकही लेखी पुरावा नाही आणि प्रभावती इथे होती याचे धातूत, मातीत आणि दगडात असे तीन पुरावे आहेत. एक जुळणी मात्र मला दर दिवाळीला आठवते. 'मेघदूता'तल्या यक्षाचा शाप संपतो तो विष्णू शेषशय्येवरून उठतो तेव्हा, म्हणजे कार्तिकातल्या प्रबोधिनीला. पुणे ताम्रपटातले प्रभावतीचे दान आहे कार्तिक शुद्ध द्वादशीचे, त्याच्या दुसऱ्याच दिवशीचे. यावरून काही सिद्ध होत नाही. एकाच दरबारी जगातले पंचांग दोन्हीकडे दिसते, एवढेच. आजही रामटेकची मोठी यात्रा भरते ती त्याच आठवड्यात, त्रिपुरी पौर्णिमेला.

जेवण रामटेकला उरकून दुपारी तीनच्या सुमारास मनसर गाठावे. सात-आठ किलोमीटर. नागपूर-जबलपूर महामार्गावरचे गाव, मॅंगनीजच्या खाणीसाठी माहीत असलेले. तलावाच्या काठी हिडिंबा टेकडी आहे. भीम-हिडिंबेची गोष्ट सगळीकडे असते तशी इथेही आहे. १९७२मध्ये इथे शिवाची एक देखणी मूर्ती मिळाली. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने काम केले आणि १९९८पासून दहाएक वर्षे जगत्पती जोशी व अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली, नागपूरच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्रातर्फे मोठे उत्खनन झाले. या भागात नागार्जुनाच्या आठवणी जुन्या आहेत, बौद्ध अवशेष मिळतील ही आशा या कामामागे होती. मिळाले ते मुख्यतः विटांचे एक प्रचंड शिवालय आणि त्याच्या पायथ्याशी प्रासादासारखे बांधकाम. एका ठशावर प्रवरेश्वराचे नाव वाचले गेले. प्रवरसेनाच्या ताम्रपटांत ज्या प्रवरेश्वराच्या देवस्थानाचा उल्लेख येतो तेच हे, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

इथे मिराशींचे एक मत बदलावे लागते. प्रवरसेनाचे सुरुवातीचे ताम्रपट नंदिवर्धनहून निघालेले आहेत, नंतरचे प्रवरपूरहून. म्हणजे त्याने राजधानी हलवली. कुठे? मिराशींनी उत्तर दिले होते वर्ध्याजवळचे पवनार. नावातले साम्य होते, शिवाय विनोबांच्या आश्रमाच्या परिसरात खणताना रामकथेची शिल्पे निघाली होती. मिराशी १९८५मध्ये गेले, मनसरचे मोठे उत्खनन त्यानंतरचे. ते असते तर त्यांनी ही माती पाहून मत बदलले असते असे मला वाटते. पुरावा आला की आपलेच जुने लेख दुरुस्त करणारे ते संशोधक होते. त्यांचे १९५७चे 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' मात्र आजही या सहलीच्या पिशवीत हवेच.

मनसरच्या टेकडीवर चढताना विटांचे बांधकाम जवळून पाहावे. मातीच्या टेकाडावर एवढा भार टिकवायचा कसा? त्यांनी विटांचे पेटीसारखे कप्पे बांधले, ते मातीने भरले आणि त्या भरीव चौथऱ्यावर पुढचा मजला चढवला. बाहेरच्या भिंती कोन काढत पुढे-मागे होत जातात, त्यामुळे सपाट भिंतीपेक्षा त्यांना बळ येते आणि सावल्यांमुळे रूपही. दुपारच्या तिरप्या उन्हात हे चांगले कळते, म्हणून मनसर शेवटी.

इथेच चुन्याची एक मानवाकृती पुरलेली सापडली. उत्खननकर्त्यांनी तिचा संबंध पुरुषमेधाशी लावला, म्हणजे माणसाच्या जागी चुन्याचा माणूस. बाकर यांनी ती वास्तुपुरुषाच्या कल्पनेशी जोडून पाहिली. पाहुण्यांना पहिला अर्थ आवडतो, तो अंगावर काटा आणतो. मी दोन्ही सांगतो. एकट्या आकृतीवरून विधी ओळखणे कठीण असते.

टेकडीच्या माथ्यावर पोचलात की पूर्वेला तोंड करा. रामटेकची टेकडी समोर असते. आई विष्णुभक्त, तिची टेकडी ती. मुलगा आपल्या ताम्रपटांत स्वतःला शंभूच्या कृपेचा म्हणवतो, त्याची टेकडी ही. मुलाने आईच्या टेकडीपासून दूर जाऊन, तरी ती नजरेत राहील इतक्याच अंतरावर, आपला देव आणि आपले नगर वसवले. यात बंड होते की सोय होती, ताम्रपट सांगत नाहीत. मी दोन गोष्टींकडे बोट दाखवतो. राजधानी हलल्यानंतरही आई रामगिरीवरून स्वतःच्या नावाने दान देत होती आणि मुलाने ते चालू दिले. आणि या शिवभक्त राजाच्या नावावर जे प्राकृत महाकाव्य आहे, 'सेतुबंध', ते रामाचे आहे. महाराष्ट्री प्राकृतातले ते काव्य म्हणजे आपल्या भाषेच्या आजीचे काव्य. मनसरच्या विटांवर उभे राहून हे सांगितले की मराठी माणसांचे चेहरे जरा बदलतात.

विटा मात्र ढासळत आहेत. टेकडी उघडी पडली त्याला वीस-पंचवीस पावसाळे झाले. माती धुपते, कडा सुटतात, पाहुणे कडेवर बसून फोटो काढतात. पाचव्या शतकातली वीट निखळली की ती कोणाच्या तरी बांधावर जायला वेळ लागत नाही. गटाला मी चढण्यापूर्वीच सांगतो : भिंतीवर पाय ठेवायचा नाही, खापर उचलायचे नाही, उचललेच तर जिथले तिथे ठेवायचे. रामटेकवरही तेच. केवल नरसिंहाच्या लेखावर हात फिरवू नये, त्यावर पाणी किंवा कुंकू टाकू नये. गेलेली अक्षरे परत येत नाहीत आणि त्या लेखातल्या मुलीचे नावही आज खात्रीने वाचता येत नाही.

पाचपर्यंत मनसर सोडावे, कारण तिरोड्यापुढचा रस्ता जंगलातला आहे आणि अंधारात जनावरे आडवी येतात. ज्यांना दिवस पुरा करायचा असेल त्यांनी पुढे केव्हातरी दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात जावे. १९७२मध्ये मिळालेला मनसरचा शिव तिथे आहे : स्थूल, प्रसन्न, पोट सुटलेला, ओठांवर हसू असलेला, बसलेला. त्याच्या शेजारी पाटीवर मनसर हे नाव आहे. ते गाव कुठे, टेकडी कोणती आणि तिच्यासमोर दुसरी टेकडी कोणाची, हे तिथल्या कोणाला सांगायचे झाले तर सांगता येईल.